सातवा मुद्दा

"अडीच वर्षं झाली हो भाऊजी, फाइल टाकून," कलावती म्हणाली, आणि त्र्यंबकच्या चिमटीतला वाल सालातून सुटून उडाला, फरशीवर दोनदा उसळला आणि फ्रिजखाली गेला. दोघांच्या मध्ये कोमट पाण्याची परात होती. रविवारची सकाळ, साडेनऊचा सुमार. दुपारच्या जेवणाला चौदा माणसं यायची होती. आणि ज्या जोडप्याला निरोप देण्यासाठी हा सगळा घाट घातला होता त्यातलीच एक, म्हणजे सहदेवची ही बायको, कोपरहून सकाळी सातलाच येऊन डाळिंब्या सोलायला बसली होती. सहदेवला वालाचं बिरडं आवडतं, आणि एवढे वाल त्र्यंबकच्या बायकोच्याने, एकट्या सुहासिनीच्याने, सोलून व्हायचे नाहीत, एवढाच तिचा हिशेब. स्वतःच्याच निरोपाचं जेवण रांधायला पाहुणीने येऊन बसावं, इतकं ते घर तिचं होतं. "आमच्या सर्वेशने तिथून केलेलं सगळं," ती सांगत होती. "आम्ही तर आशाच सोडलेली. मध्येच मेडिकल, मध्येच कसले कसले दाखले. मी म्हटलं ह्यांना, आपल्या कपाळात ऑकलंड नाही, गप बसा. आणि बघा, एकदम व्हिसाचं पत्रच आलं." "अडीच?" त्र्यंबकने विचारलं. "मग! आमच्या पुतणीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सह्या केलेल्या आम्ही. फेब्रुवारी तो. आता श्रावण. अडीचच की." ओट्याशी सुहासिनी नारळ खवत होती. खवणीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा संथ.

त्र्यंबकने पुढचा वाल उचलला. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये नेमका किती दाब दिला म्हणजे डाळिंबी अखंड बाहेर येते हे त्याला पहिल्या दहा वालांतच उमगलं होतं, आणि तेव्हापासून त्याने एकही मोडू दिली नव्हती. आता सलग तीन मोडल्या. तीन आठवड्यांपूर्वी सहदेव पेढ्यांचा पुडा घेऊन याच घरात आला होता, बूटसुद्धा न काढता दारातच उभा राहिला होता, आणि म्हणाला होता, "अचानकच झालं हो, त्र्यंबकराव. पोराने काय खटपट केली कोण जाणे." अचानक. या शब्दावर त्र्यंबकने शंका घेतली नव्हती. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात ज्याने शब्दाला शब्द लावून पाहिल्याशिवाय कुणाचं पत्र वाचलं नाही, भावाच्या लग्नपत्रिकेतल्या 'आगत्य' या शब्दावर ज्याने छापखान्यात पाऊण तास वाद घातला, त्याने तो शब्द पेढ्यासारखा तोंडात टाकला आणि गिळला. वर आपणच म्हणाला, "मग निरोपाचं जेवण आमच्याकडे." आता वजाबाकी करायला कागदाची गरज नव्हती. सह्या झाल्या फेब्रुवारीत. त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, दुसऱ्या शनिवारी, याच घराच्या गॅलरीत बसून सहदेवने 'नाही' ही बाजू मांडली होती. म्हणजे एक वर्षानंतर. सही करून वर्ष उलटलेला माणूस समोर बसून बोलत होता, आणि त्याच्या शब्दाशब्दावर आपण हललो होतो.

हे हलणं परक्याला समजावून सांगणं अवघड होतं, कारण त्यासाठी त्या बैठकीचे नियम सांगावे लागले असते. वागळे इस्टेटमध्ये, मोजमापाची गेजं बनवणाऱ्या एका कारखान्यात, त्र्यंबक तपासणी विभागात होता आणि सहदेव टूलरूममध्ये. सहदेव तळकोकणातल्या खेड्यातून आलेला, आयटीआय झालेला, हाताचा कसबी आणि तोंडाचा फटकळ. त्र्यंबकने त्याने घडवलेला एक भाग, म्हणजे जॉब, दोन मायक्रॉनसाठी, केसाहून बारीक फरकासाठी, नापास केला, तेव्हा तो जॉब हातात घेऊन तो थेट टेबलाशी आला. "साहेब, माप चुकलं नाही, तुमची घाई चुकली. मशीनवरनं उतरवल्या उतरवल्या मोजलात. गरम जॉब फुगलेला असतो. अर्धा तास थंड होऊ द्या, मग मोजा." त्र्यंबकने अर्धा तास थांबून मोजलं. जॉब अचूक होता. त्याने तसं लेखी दिलं आणि दुपारच्या सुट्टीत स्वतःहून सहदेवच्या डब्याशी जाऊन बसला. तिथून एकतीस वर्षांचा वाद सुरू झाला. संपावरून ते एकदा इतके खरोखरीचे भांडले की दोन महिने बोलले नाहीत. आणि पुन्हा बोलू लागले तेव्हा त्र्यंबकने नियम केले. विषय आळीपाळीने सुचवायचा. मायक्रोमीटरच्या एका रिकाम्या लाकडी पेटीत, हिरव्या मखमलीवर, दोन घड्या घातलेल्या चिठ्ठ्या: 'होय' आणि 'नाही'. हाताला येईल ती बाजू आपलीच समजून मांडायची. बैठक चालू असेपर्यंत साहेबी नाही, दोघांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं. आणि उठल्यावर कुणी कुणाला त्याचं खरं मत विचारायचं नाही. शेवटचा नियम त्र्यंबकला विशेष प्रिय होता. त्याने तो पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवला होता. कारखाना बंद पडला, गाळ्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आल्या, दोघे निवृत्त झाले. पण दर शनिवारी संध्याकाळी सहदेव कोपरहून पूल ओलांडून डोंबिवलीच्या या बाजूला येत राहिला, आणि गॅलरीतल्या दोन वेताच्या खुर्च्यांमध्ये ती पेटी उघडत राहिली.

त्या शनिवारी विषय सुचवायची पाळी सहदेवची होती. 'उतारवयात मुलांकडे परदेशी राहायला जावे काय?' विषय ऐकून त्र्यंबकला नवल वाटलं होतं, कारण त्याच आठवड्यात कॅनडातून, कॅलगरीहून मुलीचा, योगिनीचा फोन आला होता. आई-बाबांसाठी अर्ज भरायची संधी या खेपेला सोडतीत आली आहे, महिनाअखेरची मुदत आहे, हो म्हणा. हे सहदेवला ठाऊक नव्हतं. चिठ्ठी उचलली तर त्र्यंबकला 'होय' आली. तो नेहमीप्रमाणे क्रमाने बोलला. सात मुद्दे, प्रत्येकाला आधार, प्रत्येकावरच्या संभाव्य आक्षेपाला उत्तर. बांधणी अशी की बोटाने खिळा चाचपडला तर सापडू नये. बोलताना तो स्वतःशीच खूश होता, पण त्यातल्या कशानेही तो हलला नव्हता. आपण बांधलेल्या घरात माणूस राहतोच असं नाही. मग सहदेव बोलला. त्याने मुद्दे मोजले नाहीत. "मी कोपरला रस्त्यात पडलो ना, तर रिक्षावाला मला पत्ता न विचारता घरी पोचवेल. तिकडे मी कुणाचा तरी बाप म्हणून राहणार. ह्याचा बाप आलाय, त्याला जरा बागेत फिरवून आणा. इथे मी सहदेव आहे रे. मी जन्मभर ज्या भाषेत शिव्या घातल्या त्या भाषेत मला एक दिवस तरी कुणी उलट शिवी घालायला नको?" बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला होता, आणि तो उठून गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला होता. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नियमाप्रमाणे त्र्यंबकने काही विचारलं नाही. विचारायची गरजही त्याला वाटली नाही. आवाज चिरकतो तो पोटातून आलेल्या गोष्टीनेच, एवढं त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याने योगिनीला पत्र लिहिलं. फोन केला नाही, मेल लिहिली; चार पानं भरतील एवढी. नाही म्हणणारी. रिक्षावाला त्यात होता, बाग होती, फक्त शिव्या वगळल्या होत्या. पाठवण्यापूर्वी त्याने ती सुहासिनीला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "काल तर तुम्ही जावं म्हणून बोलत होता. मग खरं मत कुठलं?" आणि तो हसून म्हणाला होता, "नियम आहे. बैठकीतलं खरं मत विचारायचं नसतं." मुदत गेली. पुढच्या खेपेला संधी लागली नाही, त्याच्या पुढच्या खेपेचं कुणी बोललंच नाही. योगिनीची मुलगी सान्वी आता चार वर्षांची होती आणि पडद्यावर आजीला आपली मोडकी खेळणी दाखवत असे.

साडेबारापासून माणसं येऊ लागली. कारखान्यातले पाच जण, इमारतीतली दोन बिऱ्हाडं, सुहासिनीची भाची अक्षदा, जिने येताच वाढपाचा ताबा घेतला. सहदेव सगळ्यांच्या नंतर आला, इस्त्रीच्या शर्टात, नवीन बुटांत, त्या बुटांनी चालताना अवघडलेला. पूर्वी पॅकिंगला असलेला महिपत खुर्ची उलटी करून बसला होता, आणि त्याला पाहताच ओरडला, "या न्यूझीलंडकर! काय हो सहदेव, तिकडे म्हणे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. शनिवारी वाद कुणाशी घालणार?" "मेंढ्या ऐकून तरी घेतील," सहदेव म्हणाला. "तू एकतीस वर्षांत कधी ऐकलंस?" हशा झाला. त्र्यंबकही हसला, आणि आपण हसलो हे त्याला परक्यासारखं ऐकू आलं. अळूवड्या वाढल्या गेल्या, मसालेभात आला, बिरड्याची वाटी सहदेवने दोनदा मागून घेतली. "वहिनी, हे तिकडे मिळायचं नाही." "वाल घेऊन जा ना, भिजत घालायचे," सुहासिनी म्हणाली. "सोलणार कोण? ही सर्वेशच्या घरी पुष्कळ सोलेल, पण वाद घालत सोलायला त्र्यंबकराव लागतात." सगळ्यांनी पुन्हा हसावं असं ते वाक्य होतं. त्र्यंबकने पानातल्या डाळिंब्यांकडे पाहिलं. अखंड कुठल्या, मोडलेल्या कुठल्या, शिजल्यावर काही कळत नव्हतं. त्याला वाटलं, हा माणूस माझ्या घरात बसून जेवतो आहे. आणि दीड वर्षातले सुमारे सत्तर शनिवार हा असाच जेवला, चहा प्यायला, विषय सुचवले, चिठ्ठ्या उचलल्या, आणि प्रत्येक खेपेला घरी जाऊन मुलाला विचारलं असेल, फाइल कुठवर आली.

हात धुवायच्या निमित्ताने सहदेव गॅलरीत आला तेव्हा त्र्यंबक तिथे उभाच होता. खाली शेजारच्या इमारतीच्या पुनर्बांधणीचा खड्डा होता आणि त्यात साठलेल्या पाण्यावर एक पंप अखंड धडधडत होता. त्या आवाजात हळू बोललं तरी चालत होतं. "अडीच वर्षं," त्र्यंबक म्हणाला. सहदेवने रुमालाने एकेक बोट पुसलं. "कलावतीने सांगितलं वाटतं." "तू सांगायला हवं होतंस." "हो." "त्या शनिवारी तू सही करून वर्ष झालं होतं, आणि तू माझ्यासमोर रडलास." सहदेवने खुर्ची ओढली, बसला, आणि म्हणाला, "बैठकीत आहोत असं समज. अरे-तुरेच करतो. त्या दिवशी मी सांगायलाच आलेलो. विषयच त्यासाठी काढला. म्हटलं, 'होय' आलं की बोलता बोलता सांगून टाकू, की बाबा मी चाललोय. तर चिठ्ठी निघाली 'नाही'. चिठ्ठीत आलं ते बोललो. नियम तुझेच." "आणि रडणं? तेही चिठ्ठीत होतं?" "नाही. ते खरं होतं. जाणाऱ्याला राहण्याबद्दल जे कळतं ना, ते राहणाऱ्याला कधी कळत नाही, त्र्यंबक. तुझे सात मुद्दे मी घरी जाऊन लिहून काढले. कागद फाइलच्या पाकिटातच आहे. मन डगमगलं की वाचायचो." त्र्यंबकला हसू आलं. दोघांनी एकमेकांनी बांधलेली घरं उचलून नेली होती. "मी योगिनीला नाही लिहिलं. दुसऱ्याच दिवशी. तुझ्या बोलण्यावर." "ते मला मेमध्ये कळलं. वहिनी बोलल्या एकदा." "मग तेव्हा का नाही बोललास?" "मुदत गेलेली." "पुढची खेप होती. त्याच्या पुढची होती." पंप बंद पडला, खाली कुणीतरी आरोळी दिली, पंप पुन्हा सुरू झाला. सहदेव कठड्याकडे पाहत म्हणाला, "खरं सांगू? मी इथे होतो तोवर तू इथे हवा होतास मला. तू गेला असतास तर माझे शनिवार कसे गेले असते? माझं पत्र कधी येणार ते मलाच ठाऊक नव्हतं. एवढाच विचार केला. वाईट केला. पण तेवढाच केला."

आयुष्यात प्रथमच समोरचा माणूस एक मुद्दा मांडत होता आणि त्र्यंबकला त्यात दुरुस्त करण्याजोगं काही सापडत नव्हतं. सहदेव खोटं बोलल्याचा आरोप त्याने तयार ठेवला होता, तो लागू पडत नव्हता. सहदेव त्या दिवशी खोटं बोलला नव्हता. खोटं होतं ते त्यानंतरचं गप्प बसणं, आणि गप्प बसण्याचा नियम करणाऱ्याचं अक्षर पेटीच्या झाकणावर होतं. त्याला तो पहिला जॉब आठवला, मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजलेला. चिरकलेला आवाज ऐकून दुसऱ्याच दिवशी त्याने मोजून टाकलं होतं. अर्धा तास थांबायचं हे या माणसानेच शिकवलं होतं, आणि मोजताना याने थांब म्हटलं नाही.

"ओ वादपटू!" आतून महिपत ओरडला. "पेटी कुठंय? शेवटची बैठक झाल्याशिवाय आम्ही विड्याच्या पानाला हात लावणार नाही. आम्ही एवढी वर्षं नुसतं ऐकलंय, दोघं शनिवारी काय दिवे लावतात ते बघू तरी." अक्षदाने कपाटावरून पेटी आणलीसुद्धा. विषय महिपतने जाहीर केला: सहदेवने जावं का? माणसं टाळ्या वाजवत सरकून बसली. नाही म्हणणं शक्य होतं. पण घरी आलेल्या माणसांसमोर यजमानाने तोंड पाडून बसणं त्र्यंबकच्या रीतीत नव्हतं, आणि शिवाय, हे त्याने स्वतःशी मान्य केलं, त्याला 'नाही' हवी होती. दीड वर्षापूर्वीचं सहदेवचं भाषण शब्दशः त्याच्या तोंडावर फेकायचं, रिक्षावाल्यासकट, बागेसकट. सगळ्यांना ती गंमत वाटली असती आणि एकालाच ती लागली असती. त्याने मखमलीवरची एक चिठ्ठी उचलली, उलगडली. 'होय'.

मग तो बोलला. दुसरं काय करणार? उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे धरले, आणि तेच मुद्दे त्याच क्रमाने मांडू लागला, कारण एकदा नीट बांधलेलं तो कधी मोडून बांधत नसे. पहिला मुद्दा: माणूस गावातून शहरात आला तेव्हा त्याने भाषेची, भाताची, शेजाराची जुळवाजुळव केलीच होती, एकदा जमलं ते दुसऱ्यांदा जमत नाही असं धरून चालायला आधार नाही. दुसरा, तिसरा. महिपत मान डोलावू लागला. सहदेव जमिनीकडे पाहत होता. चौथ्यावर इमारतीतल्या कुणीतरी "वा" म्हटलं. त्र्यंबकला आपला आवाज स्थिर लागत होता, आणि एक चमत्कारिक गोष्ट होत होती: ऐकणारा तो स्वतःच होता, आणि त्याला खोट सापडत नव्हती. पाचवा. सहावा: दुखणं आलं तर येणारं माणूस विमानाचं तिकीट शोधत यावं की शेजारच्या खोलीतून यावं, एवढाच प्रश्न आहे. तिथे तो थांबला. पुढचा मुद्दा आठवेना. सात होते हे पक्कं ठाऊक होतं, सातवा कुठे गेला ते कळेना. त्याने बोट वर धरलं, ते तसंच राहिलं. कुणीतरी खाकरलं. सहदेवने मान वर केली. सातवा त्याला ठाऊक होता, त्याच्या फाइलच्या पाकिटात तो लिहिलेला होता. पण तो बोलला नाही.

"सातवा मुद्दा," स्वयंपाकघराच्या दारातून सुहासिनी म्हणाली. तिच्या हातात जिलब्यांचं ताट होतं. तिने ते खाली ठेवलं नाही. "सातवा मुद्दा असा, की नातवंडाला आजीच्या पदराचा वास ठाऊक असला पाहिजे. पडद्यावर तोंड दिसतं, आवाज येतो. वास येत नाही. आणि मूल जे हुंगून ओळखतं ते जन्मभर विसरत नाही, जे बघून ओळखतं ते बघणं थांबलं की विसरतं." शब्द त्याचे होते. एकही इकडचा तिकडे झाला नव्हता. त्या शनिवारी ती चहा घेऊन गॅलरीच्या दाराशी आली होती आणि चहा निवेपर्यंत तिथेच उभी राहिली होती; चहा गार म्हणून त्याने तिला टोकलं होतं. टाळ्या पडल्या. महिपत म्हणाला, "घ्या! एवढी वर्षं आम्ही चुकीच्या माणसाचं ऐकत होतो. वहिनींनी जिंकलं!" सुहासिनी हसली आणि जिलब्या वाढायला खाली वाकली. सहदेवने 'नाही'ची चिठ्ठी उचललीच नाही. "मी हरलो," तो म्हणाला. "जातो."

साडेचारला ती दोघं निघाली. सुहासिनीने कलावतीची ओटी भरली, सहदेवच्या तळहातावर दही घातलं, आणि त्याने ते सवयीने ओठांनी टिपलं. दारात त्याने त्र्यंबकचे दोन्ही हात धरले. "फोन करीन शनिवारी. तिकडचं घड्याळ बघून करीन." त्र्यंबकने हात सोडवून घेतले नाहीत आणि दाबलेही नाहीत. "नीट जा," एवढंच तो म्हणाला. कलावतीच्या डोळ्यांना धार लागली होती. लिफ्टचं दार लागेपर्यंत ती "भाऊजी, वहिनीला सांभाळा" असं काहीतरी म्हणत राहिली.

घर रिकामं झालं. सुहासिनी ताटांतली उष्टी एका पातेल्यात काढत होती. त्र्यंबकने पेटी बंद करण्याआधी झाकण उलटं करून पाहिलं. त्या शेवटच्या नियमाची शाई अजून फिकी झाली नव्हती. मग स्वयंपाकघराच्या दारात, ती मघाशी उभी होती नेमक्या त्या जागी जाऊन, त्याने विचारलं, "सुहास, त्या वेळी तुझं मत काय होतं? खरं?"

तिने हातातलं ताट खळबळून पालथं घातलं, दुसरं उचललं.

"नियम आहे ना," ती म्हणाली. "विचारायचं नसतं."